तंबू उठतो, उधारी मागे राहते

राज्य शासनाने २०१८ साली जुन्नरला विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. शिवनेरी, लेण्याद्री, नाणेघाट, माळशेजचा पावसाळा आणि शेजारच्या आंबेगावात डिंभ्याचे पाणी व भीमाशंकरचे जंगल, एवढी दौलत ज्या भागाजवळ आहे तेथे सिनेमावाले आणि मालिकावाले येणारच. त्यांनी यावे अशीच आपल्या बाजाराची इच्छा आहे. शूटिंगचे युनिट मुक्कामाला आले की कापड, शिलाई, मंडप, दोरखंड, लाकूड, जेवण, गाड्या, घोडे, बैलगाड्या, सगळ्यांनाच काम लागते. आपल्यातील कितीतरी व्यापारी आणि कारागीर नेमक्या याच धंद्यांत आहेत. म्हणून हा विषय करमणुकीच्या पानावरचा नसून व्यापाराच्या पानावरचा आहे.

अशा वेळी बाजारात एक वाक्य हमखास ऐकू येते. "कामगारांनी फार ताणू नये, नाहीतर शूटिंग दुसरीकडे निघून जाईल." हे वाक्य प्रॉडक्शन मॅनेजर बोलतो, मग हॉटेलवाला बोलतो आणि शेवटी आपणही बोलू लागतो. कामगारांच्या वादामुळे शूटिंगची जागा धोक्यात येते, ही गोष्ट खोटी नाही. परंतु ती कितपत खरी आहे आणि त्यातून आपण कोणता धडा घ्यायचा, हे व्यापाऱ्याने व्यापाऱ्याच्या नजरेने तपासले पाहिजे.

न्यूझीलंडचा सौदा

या प्रश्नाचे जगभर गाजलेले प्रकरण न्यूझीलंडचे आहे. 'द हॉबिट' हा मोठ्या खर्चाचा चित्रपट तेथे तयार व्हायचा होता. सप्टेंबर २०१० मध्ये नटांच्या संघटनांनी जाहीर केले की सामूहिक करार झाल्याशिवाय या चित्रपटात कोणी काम स्वीकारू नये. त्यावर दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांनी शूटिंग पूर्व युरोपात जाऊ शकते, असे सांगितले. देशात खळबळ उडाली. २० ऑक्टोबरला वेलिंग्टनमध्ये तंत्रज्ञांनी मोर्चा काढला, तोही नटांच्या संघटनेविरुद्ध. म्हणजे कामगारच कामगारांसमोर उभे राहिले. त्याच सुमारास संघटनांनी बहिष्कार मागे घेतला, तरीही जागा जाण्याची धास्ती कायम राहिली. वॉर्नर ब्रदर्स या अमेरिकन कंपनीचे अधिकारी विमानाने आले, पंतप्रधान जॉन की यांच्याशी बैठका झाल्या आणि २७ ऑक्टोबरला सौदा पटला. प्रत्येक चित्रपटामागे जास्तीत जास्त ७५ लाख अमेरिकन डॉलरची जादा करसवलत, प्रसिद्धीच्या खर्चात १ कोटी डॉलरचा हातभार, आणि शिवाय कामगार कायद्यात दुरुस्ती. ही दुरुस्ती २९ ऑक्टोबरला, ६६ विरुद्ध ५० मतांनी, घाईघाईने मंजूरही झाली.

या कायद्याच्या मागे एका कारागिराची कथा आहे. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'साठी लहान प्रतिकृती बनवणाऱ्या एका कारागिराला कंपनीने कंत्राटदार म्हणून ठेवले होते. त्याचे म्हणणे होते की वेळ कंपनीची, हत्यारे कंपनीची, हुकूम कंपनीचा, तर मग मी नोकरच आहे. २००५ साली न्यूझीलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचे म्हणणे मान्य केले. २०१० च्या दुरुस्तीने हा दरवाजा बंद केला. लेखी नोकरीचा करार नसेल तर सिनेमाचा कामगार कंत्राटदारच समजला जाईल, असे ठरले.

आता पुढचा हिशेब पाहा. डिसेंबर २०१० मध्ये सरकारी पत्रव्यवहार उघड झाला. त्यातून दिसले की दिग्दर्शकाने १८ ऑक्टोबरलाच मंत्र्यांना कळवले होते की बहिष्कार आणि शूटिंगच्या जागेची निवड यांचा संबंध नाही. म्हणजे कंपनीची खरी नजर करसवलतीवर आणि कायद्यावर होती, वाद हे निमित्त होते. 'हॉबिट' न्यूझीलंडमध्येच बनला हे खरे. परंतु पुढे ॲमेझॉन कंपनीने 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वरील मालिकेचा पहिला भाग तेथे चित्रित केला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये पुढचे काम ब्रिटनला हलवत असल्याचे जाहीर केले. तेव्हा न संप होता, न बहिष्कार. सवलत दिली होती, कायदाही कंपन्यांच्या सोयीचा होता, तरी तंबू उठला. २०२२ साली त्याच देशाने नवा कायदा करून सिनेमाच्या कामगारांना सामूहिक वाटाघाटीचा मार्ग पुन्हा खुला करून दिला.

कापडाच्या धंद्यातील माणसाला यात नवल वाटणार नाही. भाव पाडून मिळवलेले गिऱ्हाईक दुसऱ्याने आणखी दोन रुपये कमी केले की त्याच्या दुकानात जाते.

हा खेळ आपण पूर्वी पाहिला आहे

महाराष्ट्रात ही गोष्ट सिनेमाच्या आधी कापडात घडली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. काम मात्र थांबले नाही, ते भिवंडी, मालेगाव आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेले. आजही अनेक जण म्हणतात की संपाने गिरण्या मारल्या. परंतु गिरणीमालक संपाच्या आधीपासूनच यंत्रमागांवर कापड विणून घेऊन त्यावर आपला छाप मारत होते. संपाने त्या वाटेला वेग दिला, वाट आधीच पडलेली होती. शिवाय त्या वेळच्या कायद्याने एकाच संघटनेला वाटाघाटीचा हक्क होता आणि बहुसंख्य कामगारांचा तिच्यावरील विश्वास उडालेला होता. बोलण्याचा रस्ता बंद असला की भांडण रस्त्यावर येते.

भिवंडी आणि मालेगावच्या आपल्या लोकांना त्या वेळी काम मिळाले. परंतु कामाबरोबर गिरणीतला प्रॉव्हिडंट फंड आला नाही, ग्रॅच्युइटी आली नाही. दुसऱ्याच्या भांडणातून आलेले काम बहुधा असेच अर्धे येते. पुढे सुरतेच्या कापडाने त्याच बाजारात आपली जागा केली आणि यंत्रमागवाल्यालाही गिरणी कामगाराची चिंता कळली.

जुन्नरला तर याहून जुना दाखला आहे. जुन्नरचा हातकागद एके काळी नावाजलेला होता आणि तो बनवणारे कागदी आपल्याच समाजातले होते. पेशवाईत जुन्नरचे कागदी पुण्यात नेऊन वसवले गेले, त्यांच्या वस्तीला कागदीपुरा नाव पडले. राजधानी जेथे, दफ्तर जेथे, तेथे कागद गेला. काम नेहमीच मागणीच्या, सोयीच्या आणि पैशाच्या मागे जाते. त्याला गावाची माया नसते.

मुंबईत काय घडले

आपल्याकडील सिनेमाच्या वादांचा अनुभवही पाहू. १ ऑक्टोबर २००८ रोजी फेडरेशन ऑफ वेस्टर्न इंडिया सिने एम्प्लॉइज या महासंघाच्या २२ संघटनांनी मुंबईत काम बंद केले. लाखाहून अधिक कामगारांचा हा संप होता. मागण्या साध्या होत्या. ठरलेली मजुरी वेळेवर मिळावी, कामाचे तास ठरावेत, आधी झालेले करार पाळले जावेत. तीन दिवसांत तडजोड झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मालिकांचे काम थांबले आणि वाहिन्यांना जुनेच भाग पुन्हा दाखवावे लागले. ऑगस्ट २०१७ मध्ये पुन्हा संप झाला. या संपांमुळे मुंबईचा सिनेमा मुंबई सोडून गेला का? नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये हैदराबादेत तेलुगू सिनेमाच्या कामगारांनी ३० टक्के वाढ मागून काम थांबवले. अडीच आठवड्यांनी, सरकारच्या मध्यस्थीने, तीन वर्षांत मिळून साडेबावीस टक्के वाढ ठरली आणि कॅमेरे पुन्हा हैदराबादेतच सुरू झाले.

याच्या उलट, एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या निर्बंधांमुळे महाराष्ट्रात शूटिंग बंद झाले तेव्हा काही दिवसांत मालिकांची युनिटे गोवा, हैदराबाद, गुजरात आणि दमण-सिल्वासाकडे गेली. मे महिन्यात गोव्याने परवानगी मागे घेतली, तेव्हा तेथूनही उठली. कामगारांचा कोणताही वाद नसताना एवढी धावपळ झाली.

वाईचे उदाहरण आपल्याला जवळचे आहे. 'गंगाजल' (२००३) मधील बिहार, 'दबंग' (२०१०) मधील उत्तर प्रदेश आणि 'चेन्नई एक्स्प्रेस' (२०१३) मधील तमिळ गाव वाई परिसरात उभे राहिले. मुंबईहून जवळ, कृष्णेचा घाट, जुने वाडे, राहण्याची सोय, हे त्याचे कारण. पण 'गंगाजल'चे दिग्दर्शक प्रकाश झा यांनी 'राजनीती' (२०१०), 'आरक्षण' (२०११) आणि 'सत्याग्रह' (२०१३) यांचे काम भोपाळला केले. पुढे मध्य प्रदेशने २०२० मध्ये चित्रपट पर्यटनाचे धोरण आणून अनुदानही देऊ केले. म्हणजे जागेच्या स्पर्धेत अनेक वजने असतात, आणि कामगाराची मजुरी हे त्यातले एक छोटे वजन आहे.

कामगार संघटनांचीही बाजू तपासू

या लेखाचा अर्थ असा नव्हे की संघटना करतील ते सारे योग्य. मुंबईच्या संघटनांचा एक आग्रह असा होता की निर्मात्याने आमच्याच सभासदांना काम द्यावे, आणि त्यांची तपासणी पथके शूटिंगच्या जागी जाऊन बाहेरचा माणूस दिसला तर काम अडवीत. निर्माते विपुल शाह यांच्या तक्रारीवर भारतीय स्पर्धा आयोगाने ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी निकाल दिला आणि अशी सक्ती बेकायदा ठरवली. त्याआधी १० नोव्हेंबर २०१४ रोजी चारू खुराना यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मेकअप कलाकारांच्या संघटनेचे दोन नियम रद्द केले होते. स्त्रियांना मेकअपचे काम नाही, हा एक. आणि सभासदत्वासाठी महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्य हवे, हा दुसरा.

जुन्नरच्या शिंप्याला, सुताराला, लोहाराला हे निकाल महत्त्वाचे आहेत. मुंबईचे कार्ड नाही म्हणून आपल्या हुनरला काम नाकारता येणार नाही. परंतु त्याच वेळी हेही पाहिले पाहिजे की निर्माता आपल्याला बोलावतो ते हुनरसाठी, की मुंबईच्या माणसाची मजुरी थकवून त्याच्या जागी स्वस्तात उभे करण्यासाठी. दुसऱ्या प्रकारात आज त्याची मजुरी बुडते आणि उद्या आपली.

आमच्या शाळेत उर्दूच्या उस्तादांनी शिकवले होते की मजदूर या शब्दात 'मुज्द' हा फारसी शब्द आहे, म्हणजे मोबदला. ज्याचा मोबदला आहे तो मजदूर. मोबदला काढून घेतला तर शब्दाचा अर्थच उरत नाही.

सर्वांत शेवटी आपण

आता मूळ मुद्द्यावर येतो. कामगार आणि निर्माता यांच्या वादात संघटनेला महासंघ आहे, निर्मात्याला त्याची संघटना आहे. स्थानिक व्यापाऱ्याला कोण आहे? मंडपवाला, कॅटरर, कापडवाला, घोडेवाला कोणाचाच सभासद नाही. शूटिंग थांबले की त्याचा माल अडकतो, भाडे थांबते आणि बिल 'मुंबई ऑफिसला पाठवले आहे' या वाक्यात हरवते. टीव्हीच्या धंद्यात तर कामगारालाही नव्वद दिवसांनी पैसे देण्याची रीत पडली होती, आणि संघटनांची मोठी तक्रार तीच होती. जेथे लाइटमनला नव्वद दिवस, तेथे गावच्या दुकानदाराला किती?

आणि वाद आपल्या गावातलाच असला पाहिजे असेही नाही. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेतील नटांनी संप केला. 'ग्लॅडिएटर'च्या दुसऱ्या भागाचे शूटिंग तेव्हा भूमध्य समुद्रातील माल्टा या लहानशा बेटावर चालू होते. संप हॉलिवूडचा, पण काम माल्टात थांबले, आणि नोव्हेंबरमध्ये संप मिटल्यावर पुढे सुरू झाले. माल्टाच्या सुताराचा आणि खानावळवाल्याचा त्या भांडणाशी काय संबंध होता? तरी काम त्यांचेही थांबले.

काही वर्षांपूर्वी एका युनिटने माझ्या दुकानातून पडद्याचे आणि धोतराचे कापड नेले. पुढे त्यांच्याच लाइटमन मंडळींचा मजुरीवरून तंटा झाला आणि मुदतीआधीच सामान बांधून युनिट निघून गेले. प्रत्येक चलनावर सही आणि कंपनीचा शिक्का घेतलेला असल्याने माझे पैसे हप्त्याहप्त्याने का होईना, अकरा महिन्यांत आले. त्याच युनिटला बैलगाड्या पुरवणाऱ्या शेतकऱ्याकडे फक्त एक मोबाइल नंबर होता. तो नंबर पुढे लागला नाही. त्या दिवशी लाइटमन आणि बैलगाडीवाला यांच्यात काय फरक होता? दोघेही एकाच माणसाचे सावकार होते. म्हणून मजुरी थकल्याची ओरड कानावर आली की व्यापाऱ्याने कामगारावर चिडण्याआधी आपली वही उघडावी. ज्याने मजुराचे थकवले आहे तो आपलेही थकवणार, ही सूचना फुकट मिळालेली असते.

करायचे काय?

नारायणगाव आपल्याच तालुक्यात आहे. पाडव्याच्या आधी तेथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रेचे पुढारी येतात, सुपारी ठरते, तारीख ठरते, इसार दिला जातो. फडातले कलावंतही हंगामाआधी उचल घेतात. या पद्धतीत दोष पुष्कळ आहेत आणि उचलीच्या कर्जात कलावंत अडकतो हेही खरे आहे. परंतु एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तंबू ठोकण्याआधी पैशाची भाषा होते. सिनेमाच्या युनिटला हीच रीत लावण्यास काय हरकत आहे? त्यासाठी पुढील गोष्टी व्यापारी आणि कारागीर बांधवांनी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, ऑर्डर कोण देतो ते पाहा. गावात फिरणारा लोकेशन मॅनेजर किंवा लाइन प्रोड्यूसर बहुधा मधला माणूस असतो. ऑर्डर निर्मिती कंपनीच्या लेटरहेडवर, जीएसटी क्रमांकासह घ्या आणि पैसे देण्याची जबाबदारी कोणाची, हे त्यात लिहून घ्या.

दुसरी गोष्ट, बयाणा घेतल्याशिवाय माल हलवू नका, आणि राहिलेल्या रकमेचा हिशेब रोजच्या रोज किंवा दोन दिवसांनी करा. पॅकअपच्या दिवशी हिशेब करू म्हणणाऱ्याचा पॅकअप कधी होईल हे त्यालाही ठाऊक नसते.

तिसरी गोष्ट, संप, वाद किंवा अन्य कारणाने काम थांबले तर काय, याचे एक कलम असू द्या. थांबलेल्या दिवसांचे भाडे किती, खास शिवलेले किंवा कापलेले कापड परत घेतले जाणार नाही, नाशिवंत मालाची भरपाई किती, हे आधी ठरवा.

चौथी गोष्ट कायद्याची. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. उद्यम नोंदणी असलेल्या कारागिराचे किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिले पाहिजेत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. शिंपी, सुतार, मंडपवाले, कॅटरर यांनी ही नोंदणी अवश्य करावी. माझ्यासारख्या नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या कर्जापुरती. उशिराच्या व्याजाचे संरक्षण त्याला नाही. त्याने बयाण्यावरच भर द्यावा.

पाचवी गोष्ट, स्थानिक मजुरांसाठी. सिनेमाच्या कामगाराला लेखी करार दिला पाहिजे असे १९८१ च्या कायद्यातच होते. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या असून त्यांत ऑडिओ-व्हिज्युअल कामगारांसाठी लेखी कराराची तरतूद आहे. गर्दीत उभे राहणाऱ्या पोरांपासून सेट ठोकणाऱ्या सुतारापर्यंत प्रत्येकाचे नाव, रोज आणि तास एका रजिस्टरमध्ये लिहिले जावेत. ते रजिस्टर असेल तर अर्धे वाद जन्मालाच येत नाहीत.

सहावी गोष्ट एकट्याने होणारी नाही. शूटिंगला ग्रामपंचायत, नगरपरिषद, पोलीस, वन खाते आणि शिवनेरी, लेण्याद्रीसारख्या ठिकाणी पुरातत्त्व खाते यांच्या परवानग्या लागतात. व्यापारी मंडळींनी एकत्र येऊन पंचायतीकडे आणि नगरपरिषदेकडे मागणी करावी की ना-हरकत दाखला देताना अनामत रक्कम घ्यावी, आणि स्थानिक मजूर व दुकानदारांची देणी फिटल्याशिवाय ती परत करू नये. त्याचबरोबर मजुरीचे आणि भाड्याचे एकच दरपत्रक लावावे. कॅमेरा दिसला की भाव तिप्पट करणारेही आपल्यातच आहेत. त्यांच्यामुळेही युनिट दुसऱ्या गावाचा रस्ता धरते, हे कबूल केले पाहिजे.

कोणी म्हणेल, एवढ्या अटी घातल्या तर शूटिंग येणारच नाही. काही येणार नाहीत, हे खरे आहे. जे फक्त उधारीसाठी येणार होते ते येणार नाहीत. ज्यांना वेळेवर काम संपवायचे आहे त्यांना मात्र असेच गाव हवे असते, जेथे रोज किती, भाडे किती आणि तंटा झाला तर कोणाशी बोलायचे हे आधीच ठाऊक आहे. थांबलेल्या एका दिवसाचा खर्च निर्मात्याला साऱ्या गावाच्या मजुरीवाढीपेक्षा जड जातो.

नाणेघाटात दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात जकात घेतली जाई असे सांगतात, आणि तेथील दगडी रांजण आजही उभा आहे. जकात द्यावी लागे तरी व्यापारी त्या घाटाने येत, कारण वाट जवळची होती आणि माल सुखरूप पोहोचत होता. आपल्या बाजाराने सिनेमावाल्यांसाठी तशीच वाट व्हावे. घ्यायचे ते आधी सांगून, लिहून घ्यावे, आणि मजूर असो की निर्माता, ज्याचे त्याला चोख द्यावे.